पन्नासच्या पुढं न जाणारी एफसी : एका इंजिन-बदलाचं प्रकरण

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आमची एफसी, म्हणजे महिंद्राची जुनी मालवाहू गाडी, ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढं जात नाही. आजोबा तेच सांगायचे, त्यांच्यानंतर काकाही तेच सांगू लागले. सांगलीवाडीतून आयर्विन पुलावरून सांगलीच्या गणपती पेठेत हळद पोचवायची, एवढंच तिचं काम. त्यामुळं पन्नास पुरे व्हायचे आणि कुणी कधी कारण शोधलं नाही. जुनी गाडी आहे, तिला किती ताणायचं, असंच सगळे धरून चालले होते. हे कारण छत्तीस वर्षं टिकलं. ते साफ चुकीचं होतं, आणि हे कळायला २०१९चा महापूर यावा लागला.

गाडी महिंद्राची एफसी-१५०, १९६८ सालची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. तिला पुढं बॉनेट नाही. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे पत्र्याच्या पेटीखाली असतं. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलीजचा, महिंद्रानं तो १९६५पासून इथं आणला. खाली जीपचाच गिअरबॉक्स आणि जीपचेच एक्सल, वर मागं उघडा हौदा. कंपनीतून आली तेव्हा तिच्यात हरिकेन हे चार सिलिंडरचं, सव्वादोन लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन होतं. पेट्रोल-हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इंजिनाच्या मुख्य धडात, म्हणजे ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळी ठेवण. मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत ते सहज जातं.

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, हे त्या काळातल्या प्रत्येक जीपवाल्याला माहीत आहे. आजोबांनी काही वर्षं काढली आणि १९८३मध्ये हरिकेन उतरवून बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. आरसी बुकात डिझेलची नोंदही रीतसर करून घेतली. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. ते इंजिन गावोगाव होतं, त्याचा सुटा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचा, आणि त्याच गाडीच्या फेऱ्यांवर घरातल्या तिघांची शिक्षणं झाली.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माणसं आणि जनावरं आधीच हलवली होती, गाडी मात्र शेडमध्येच राहिली. पाणी उतरल्यावर शेड उघडलं तर केबिनच्या काचेवर मधोमध चिखलाची सरळ रेघ उमटलेली. म्हणजे इंजिन पूर्ण बुडालेलं.

पुढची चूक आमची. घरातल्याच एकानं नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि ठक्कन थांबलं. पुरात बुडालेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्याला वाट मिळाली नाही, आणि दोन नंबरचा कनेक्टिंग रॉड वाकला. डिझेल आत फवारणारे नोझल काढून आधी हातानं फेरा दिला असता तर पाणी पिचकारीसारखं उडून गेलं असतं आणि रॉड वाचला असता. नदीकाठच्या प्रत्येक गावात हे सांगितलं पाहिजे. पुरानंतर चावी नाही, आधी पाना.

पुढं लॉकडाऊन आला. गाडी ट्रॉलीवर घालून कुपवाडला माझ्या लेथच्या शेडमध्ये आणून ठेवली होती, म्हणून २०२१च्या जुलैचा पूर तरी तिला लागला नाही. त्याच दिवाळीनंतर मी आणि मिरजेचे एक मिस्त्री कामाला लागलो. मिस्त्रींनी चाळीस वर्षं जीपच केल्या आहेत.

क्राऊनचे दात

इंजिनाच्या आधी आम्ही मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलमधली गिअरची पेटी, उघडला, कारण त्यातही पाणी गेलं होतं. ऑइल बाहेर आलं ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. क्राऊन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) रॉकेलमध्ये धुऊन फळीवर ठेवले. गंज फारसा नव्हता. दात तपासता तपासता मी सवयीनं मोजत गेलो. क्राऊनला ४३, पिनियनला ८. भागाकार ५.३७५. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला सव्वापाचपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. मग टायरवर खडूनं खूण केली, गाडी शेडच्या कोब्यावरून ढकलली आणि एका फेऱ्यात किती अंतर जातं ते टेपनं मोजलं. २.४० मीटर भरलं.

आता हिशेब बघा. टॉप गिअर सरळ जोडलेला, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तो शाफ्टचा एक फेरा. ट्रॅक्टरच्या इंजिनाला गव्हर्नर असतो आणि तो दोन हजार फेऱ्यांच्या आसपास डिझेल आवळतो. दोन हजार भागिले ५.३७५ म्हणजे ३७२. गुणिले २.४० म्हणजे मिनिटाला ८९३ मीटर. तासाला साडेत्रेपन्न किलोमीटर.

मी तो कागद घेऊन बराच वेळ पायरीवर बसून होतो. गाडी जुनी म्हणून पन्नासला थांबत नव्हती. चार हजार फेऱ्यांच्या इंजिनासाठी कापलेल्या दातांवर दोन हजार फेऱ्यांचं इंजिन बसवलं होतं आणि गाडी आपल्या गणिताप्रमाणं चालत होती. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आम्ही इतकी वर्सं तिलाच शिव्या घातल्या व्हय?"

दुसरी गोष्ट चासीवर दिसली. ट्रॅक्टरमध्ये इंजिन हे नुसतं इंजिन नसतं, तोच गाडीचा कणा असतो. पुढचा एक्सल एका बाजूला आणि गिअरबॉक्सचं घर दुसऱ्या बाजूला थेट ब्लॉकला बोल्टनं आवळलेलं असतं. त्यामुळं त्याला रबराचं माउंटिंग, म्हणजे हादरा शोषणारी बैठक, लागतच नाही. १९८३च्या मिस्त्रींनी जाड अँगलचे ब्रॅकेट चासीला वेल्ड करून इंजिन त्यावर तसंच घट्ट बसवलं होतं. डिझेलचा सगळा हादरा छत्तीस वर्षं चासीच्या पट्ट्यात उतरत राहिला. दोन्ही ब्रॅकेटच्या टोकांपासून चिरा सुटल्या होत्या, डावीकडची चांगली बोटभर. चिरेच्या अगदी टोकाला आधी भोक पाडायचं म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग व्ही कापून वेल्ड आणि वरून रिव्हेटची पट्टी. या कामात मिस्त्रींनी दोन दिवस घातले आणि मी मधे बोललो नाही.

कुठलं इंजिन

माझं मन हरिकेनकडं ओढत होतं. मूळ इंजिन, मूळ आवाज. कोल्हापूरच्या भंगारात एक मिळालंही. हेड उतरवून ब्लॉक घासून बघितला तर तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत केसासारखी चीर होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळं तिथं उष्णता साचते आणि व्हॉल्व्ह टेकतो ती सीट आणि सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, यांच्यातली भिंत पातळ असते. या जातीच्या इंजिनाचा हा ठरलेला रोग. ते सोडून दिलं.

कुणी म्हणेल, गाडी पन्नास वर्षांवरची आहे, मग व्हिंटेज म्हणूनच नोंदवायची. जुलै २०२१मध्ये केंद्रानं त्याचे नियम काढले आहेत. नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. आमच्या गाडीनं मूळ रूप १९८३लाच सोडलं होतं, आणि काकांना ती शेतावर आणि पेठेत चालवायची होती. प्रदर्शनात उभी करायला ती ठेवलेलीच नव्हती. मला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

मग ठरलं प्यूजोच्या आराखड्याचं एक्सडीपी ४.९०. हे महिंद्रानं ऐंशीच्या दशकात आपल्या जीपमध्ये घातलं. डीपी जीप म्हणतात त्या याच. नावातच माहिती आहे, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ८३, एकूण २११२ सीसी, साडेचार हजार फेऱ्यांना ६२ हॉर्सपॉवर. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणून ते सावकाश आणि ताकदीनं फिरतं. याचा स्ट्रोक बोअरपेक्षा लहान, म्हणून हे पळतं. त्याच ४३ आणि ८ दातांवर तीन हजार फेऱ्यांना ऐंशीचा वेग येतो. क्राऊन-पिनियन बदलायचं कारणच उरलं नाही. डिझेल तेच, कंपनी तीच, त्यामुळं कागदाचीही गुंतागुंत कमी.

कागद आधी केले. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे. उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बसवायचं आणि मग आरटीओच्या साहेबांपुढं उभं राहायचं, ही रीत सोडून दिली पाहिजे. ज्या जीपचं इंजिन घेतलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, खरेदीची पावती, दोन्ही इंजिनांच्या नंबरांचे पेन्सिलीनं घासून घेतलेले ठसे, एवढं अर्जाला जोडलं. लेखी परवानगी हातात आल्यावरच चेन पुलीला साखळी लावली.

बसवणं

एफसीची केबिन आम्ही गंजलेल्या तळासाठी आधीच उचलून बाजूला ठेवली होती, त्यामुळं वरून सगळं मोकळं होतं. एक नियम पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहिला. गिअरबॉक्स हलवायचा नाही. तो आणि त्याच्यामागचा, दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा ट्रान्स्फर केस जिथं आहेत तिथंच राहतील, इंजिन त्यांच्याकडं येईल. गिअरबॉक्स हलला की दोन्ही शाफ्टांचे कोन बदलतात, मग शाफ्टांच्या सांध्यातले क्रॉस झिजतात, मग गाडी चाळिशीत थरथरते आणि माणूस उगाच इंजिनात दोष शोधत बसतो.

इंजिनासोबत त्याच जीपचं बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर, मिळालं होतं, तीन गिअरच्या बॉक्सला बसणारं. बोल्ट सगळे सरळ बसले. मी खूश झालो. मिस्त्री मात्र ब्लॉकच्या मागच्या तोंडावरून बोट फिरवत राहिले.

"दादा, डोवेल कुठायत?"

डोवेल म्हणजे दोन छोट्या पिना. भंगारात इंजिन आणि हाऊसिंग वेगळं करताना त्या कुठं तरी पडल्या होत्या. बोल्टचं काम आवळून धरणं, मध्य जुळवणं हे पिनांचं काम. बोल्टच्या भोकात नेहमी थोडी मोकळीक असते आणि तेवढ्यात हाऊसिंग खाली सरकून बसतं. डोळ्याला काही दिसत नाही.

मी इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकावरच्या फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड लावला, बारीक फरक मोजणाऱ्या डायल गेजची सुई हाऊसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवली आणि मिस्त्रींनी क्रँक हळूहळू फिरवला. सुई वर गेली, खाली आली. एका फेऱ्यात ०.३८ मिलिमीटर. म्हणजे मध्य त्याच्या निम्म्यानं, ०.१९नं चुकलेला. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा फरक. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट एका टोकाला बॉक्सच्या बेअरिंगमध्ये आणि दुसऱ्या टोकाला क्रँकच्या पायलट बेअरिंगमध्ये असतो. मध्य चुकला की तो प्रत्येक फेऱ्याला तिरका ओढला जातो. पायलट बेअरिंग किंचाळायला लागतं, क्लच सुटत नाही, टॉप गिअर निसटतो. त्यावर लोक नवा गिअरबॉक्स घेतात. मी स्वतः एका गिऱ्हाइकाला असा दुसरा गिअरबॉक्स घेताना पाहिलं आहे, आणि दुसराही तसाच गेला.

बोल्ट हलके ढिले करून, लाकडी हातोडीनं टकटक करत, परत मोजत, परत टकटक. दुपारी जेवणाआधी सुरू केलं ते दिवेलागणीला सुई ०.०८वर आली. तिथंच बोल्ट आवळले, दोन भोकं रीमर मारून सरळ केली आणि लेथवर त्या मापाच्या नव्या पिना बनवून ठोकल्या. पिनांना पाव किलो लोखंडसुद्धा लागलं नाही. या सगळ्या कामात मोलाची वस्तू कोणती असं विचारलंत तर मी त्या दोन पिना दाखवीन.

पुढची अडचण चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाची. जीपमध्ये इंजिन पुढच्या एक्सलच्या मागं असतं, एफसीत ते एक्सलच्या फार जवळ येतं. खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे पूर्ण दबले तर एक्सल चेंबरला लागणार का? मोजपट्टी तिथं पोचत नाही. मिस्त्रींचा पुतण्या गणपतीच्या मूर्ती करतो, त्याच्याकडून शाडूचा गोळा आणला. लाडवाएवढे चार गोळे एक्सलवर ओळीनं बसवले, पाटे सोडले आणि जॅकनं एक्सल त्याच्या थांब्यापर्यंत वर चढवला. खाली घेतल्यावर गोळे चपटे झालेले. तीन गोळ्यांची जाडी बोटभर उरली होती, चौथा कागदासारखा. चेंबरचा तेवढा कोपरा कापून आत घेतला आणि परत वेल्ड केला. कमी झालेल्या ऑइलची जागा मागच्या बाजूला भरून काढली. पंपाची जाळी तळापासून जितकी होती तितकीच राहील, हे तीनदा तपासलं.

माउंटिंग अर्थातच रबराचं, जीपचंच. ब्रॅकेट चासीला वेल्ड न करता बोल्टनं लावले.

हेड बसवण्याआधी लायनर (सिलिंडरमधल्या सुट्या नळ्या) बघितले. या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळतं, आणि हेड ॲल्युमिनियमचं. लायनर ब्लॉकच्या वर शतांश मिलिमीटरच्या हिशेबात उठलेले हवेत आणि चारही सारखे हवेत, नाहीतर हेड पॅकिंग एका बाजूनं सुटतं. एक लायनर खाली होता. तळाची वॉशर बदलून तो उचलला.

एवढं करूनही पहिल्या चढाला गाडी तापली. मिरजेच्या पुढं दंडोबाच्या डोंगरावर चौदा पोती घालून, म्हणजे सातशे किलो वजनानं, चढवत होतो. अर्ध्या वाटेत काटा लालकडं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की संपलं, म्हणून तिथंच सावलीत थांबवली आणि थंड होईपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात लावला नाही. रेडिएटर नवा होता, पंखा नीट होता, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट गरम पाण्यात घालून तपासलेला होता. घरी येऊन पाण्याची पातळी बघायची नळी लावली तेव्हा उलगडलं. एफसीत इंजिन उंच बसतं. रेडिएटरची टोपी हेडवरच्या थर्मोस्टॅटच्या घरापेक्षा चार सेंटिमीटर खाली होती. पाणी भरलं तरी हवा हेडमध्येच अडकून राहत होती, आणि जिथं सगळ्यात जास्त उष्णता तिथंच पाणी नव्हतं. सीटमागं, सगळ्यांत उंच जागी, दीड लिटरची पितळी टाकी करून बसवली आणि हेडपासून तिला बारीक नळी जोडली. टोपी आता तिच्यावर. त्याच पोत्यांनिशी पुन्हा दंडोबा चढवला. काटा मधोमध.

नंतर

तपासणी होऊन २०२२च्या पावसाळ्याआधी आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढला. खर्चाचा मोठा भाग इंजिनावर गेला नाही, तो ब्रेक, चासी आणि केबिनवर गेला. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत. सिलिंडर, पाइप, लायनिंग सगळं नवं घातलं, तरी ते १९६८चेच ब्रेक. गाडी आता ऐंशीला जाऊ शकते म्हणून तिनं जावं असं मला वाटत नाही, आणि काकांकडून पासष्टच्या वर न नेण्याचं वचन घेतलं आहे.

ट्रॅक्टरचं जुनं इंजिन भंगारात घातलं नाही. नवा रॉड, नवे लायनर-पिस्टन घालून ते कवठेमहांकाळकडच्या एका शेतकऱ्याच्या बी-२७५मध्ये बसवलं. तिथं ते नांगर ओढतं, आणि दोन हजार फेऱ्यांत खूश आहे.

आमच्या गाडीत अजून कामं उरली आहेत. पेटीखालून उष्णता डाव्या पायाला लागते, तिला आतून ॲस्बेस्टॉस नसलेलं अस्तर लावायचं आहे. थंडीत, सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, बहुधा एक प्लग कमजोर आहे. मागच्या सीलमधून ऑइलचा थेंब पडतो, आठवड्याला एखादा.

परवा हळद घेऊन काकांबरोबर पेठेत गेलो. बायपासला रस्ता मोकळा होता. गाडी पन्नासला पोचली, इंजिन अजून निवांत होतं, आणि काकांचा पाय आपोआप सैल झाला. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं त्यांनीच काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाय पुन्हा टेकवला. पंचावन्न. साठ.

"हं," काका म्हणाले, "चालतीया की."